ब्रिटिश संसदेतली भाषा आणि वैयक्तिक हल्ले : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आणि तिथल्या राजकारणाकडे लक्ष ठेवून असणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे. सभागृहात काय बोलता येतं, प्रचारात काय छापता येतं आणि एखाद्याने मर्यादा सोडली तर दाद कुठे मागायची, हे तीन वेगवेगळे विषय आहेत. त्यांचे नियम वेगळे आणि दारंही वेगळी. बहुतेक तक्रारी वाया जातात त्या चुकीचं दार ठोठावल्यामुळे.

हाउस ऑफ कॉमन्समध्ये दुसऱ्या सदस्याला ‘खोटारडा’ म्हणता येत नाही, हे खरं का?

खरं आहे. दुसरा सदस्य जाणूनबुजून खोटं बोलला, असं चालू चर्चेत म्हणता येत नाही. त्याने ‘सभागृहाची दिशाभूल केली’ असं म्हटलं, तरी स्पीकर मध्येच थांबवून ‘नकळत’ हा शब्द जोडायला सांगतात. ‘माननीय सदस्यांनी नकळत सभागृहाची दिशाभूल केली’ हे चालतं. ‘नकळत’ गाळलं की चालत नाही.

३१ जानेवारी २०२२ रोजी स्कॉटिश नॅशनल पार्टीचे तेव्हाचे गटनेते इयन ब्लॅकफर्ड यांनी हा शब्द जोडायला नकार दिला. पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी सभागृहाची दिशाभूल केली, या म्हणण्यावर ते ठाम राहिले. स्पीकर लिंडसी हॉइल कारवाईचं कलम वाचत असतानाच ब्लॅकफर्ड उठून बाहेर पडले.

यामागचं कारण जुनं आणि समजण्यासारखं आहे. कोण खरं बोलतं आणि कोण खोटं, हे ठरवायचा अधिकार स्पीकरना नाही. त्यांच्यासमोर पुरावा नसतो, साक्षीदार नसतात आणि उलटतपासणीची सोयही नसते. एकाने ‘तू खोटारडा’ म्हटलं की दुसरा ‘तू दुप्पट खोटारडा’ म्हणणार, आणि ज्या विधेयकासाठी सगळे जमले ते बाजूला पडणार. एकोणिसाव्या शतकात संसदेचे अधिकारी टॉमस अर्स्किन मे यांनी संसदीय कार्यपद्धतीचा ग्रंथ लिहिला. १८४४ साली निघालेल्या या ग्रंथाच्या आवृत्त्या अजूनही निघतात. शांत डोकं आणि संयम ही संसदीय भाषेची लक्षणं, हे त्याचं सूत्र आहे.

मग कोणी खरोखरच खोटं बोललं तर काय करायचं?

या नियमावरचा सगळ्यात रास्त आक्षेप हाच आहे, म्हणून याचं उत्तर सविस्तर देतो.

२२ जुलै २०२१ रोजी लेबर पक्षाच्या डॉन बटलर यांनी पंतप्रधानांची काही विधानं एकेक करून खोडून काढली आणि शेवटी, ते सभागृहाशी आणि देशाशी पुन्हा पुन्हा खोटं बोलले आहेत, असं म्हटलं. हंगामी उपसभापती जुडिथ कमिन्स यांनी त्यांना शब्द मागे घ्यायला सांगितलं. बटलर यांनी नकार दिला आणि त्यांना दिवसभरासाठी बाहेर जावं लागलं. उन्हाळी सुटीआधीचा तो शेवटचा दिवस असल्यामुळे प्रत्यक्षात शिक्षा काही तासांचीच झाली. पण अनेकांना खटकलं ते वेगळंच. ज्यांच्या विधानांवर आक्षेप होता त्यांच्यावर त्या दिवशी काहीच कारवाई झाली नाही, आणि आक्षेप घेणारी बाहेर गेली.

नियमाने यासाठी दुसरी वाट ठेवली आहे, तिला स्वतंत्र प्रस्ताव म्हणतात. चर्चेच्या ओघात आरोप करायचा नाही. त्या सदस्याच्या वर्तनाविषयी थेट प्रस्ताव मांडायचा. अशा प्रस्तावावर बोलताना ‘खोटं’ हा शब्द वापरता येतो, कारण तोच चर्चेचा विषय असतो. सभागृहाने प्रस्ताव मान्य केला की प्रकरण विशेषाधिकार समितीकडे जातं. समिती कागदपत्रं मागवते, साक्षी घेते आणि अहवाल देते.

जॉन्सन यांच्या बाबतीत हेच झालं. कोविडच्या काळात डाउनिंग स्ट्रीटवर झालेल्या मेळाव्यांविषयी त्यांनी सभागृहात जे सांगितलं, ते एप्रिल २०२२ मध्ये समितीकडे गेलं. समितीच्या अध्यक्ष लेबरच्या हॅरिएट हरमन होत्या, पण सातपैकी चार सदस्य जॉन्सन यांच्याच कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे होते. १५ जून २०२३ च्या अहवालाने निष्कर्ष काढला की दिशाभूल जाणूनबुजून केली होती. जॉन्सन यांनी त्याआधीच सदस्यत्व सोडलं होतं. ते सदस्य असते तर ९० दिवसांच्या निलंबनाची शिफारस केली असती, असं समितीने नमूद केलं. १९ जूनला सभागृहाने ३५४ विरुद्ध ७ मतांनी अहवाल स्वीकारला.

या अहवालातला एक भाग आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याचा आहे. समितीवर शिवीगाळ करण्याच्या आणि तिला धमकावू पाहण्याच्या मोहिमेत जॉन्सन सामील होते, हाही सभागृहाचा अवमान म्हणून मोजला गेला.

बटलर यांच्या बाहेर जाण्यापासून या अहवालापर्यंत जवळपास दोन वर्षं गेली. वाट आहे, पण लांबची आहे. शिवाय समितीकडे प्रकरण पाठवायचं की नाही हे बहुमत ठरवतं, म्हणजे सत्ताधारी पक्षाची इच्छा नसेल तर वाट बंद. ‘खोटारडा’ शब्दाला मोकळीक द्यावी असं आम्हाला वाटत नाही. हा प्रस्ताव मांडणं सोपं व्हायला हवं, असं मात्र ठामपणे वाटतं.

असंसदीय शब्दांची अधिकृत यादी आहे का?

बंधनकारक यादी नाही. पूर्वी आक्षेप घेतले गेलेले शब्द उदाहरणादाखल सांगितले जातात : भेकड, गुंड, उंदीर, डुक्कर, गद्दार, खबऱ्या आणि असेच आणखी काही. पण निर्णय त्या क्षणी स्पीकरचा. कोणत्या स्वरात म्हटलं, कोणाला उद्देशून म्हटलं आणि सभागृह किती तापलं आहे, यावर तो ठरतो. एकच शब्द सोमवारी चालतो आणि बुधवारी चालत नाही.

पळवाटाही माहीत असाव्यात. ‘वर्तमानपत्राने त्यांना खोटारडे म्हटलं आहे’ असं दुसऱ्याच्या तोंडून म्हणवून घेतलं तरी स्पीकर सहसा अडवतात. एखाद्या सदस्याविषयी जे थेट म्हणता येत नाही, ते अवतरणचिन्हांत घालूनही म्हणता येत नाही. याउलट एका सदस्याकडे बोट न दाखवता पूर्ण पक्षावर किंवा सरकारी धोरणावर कडक शब्द वापरले, तर बरीच ढील मिळते.

१९०६ साली तरुण मंत्री विन्स्टन चर्चिल यांनी सभागृहात ‘शब्दयोजनेतली अचूकतेची उणीव’ अशा अर्थाचा जडजंबाल शब्दप्रयोग केला होता. आज तो ‘खोटं’ या शब्दाचा सभ्य पर्याय म्हणून सांगितला जातो. मुळात चर्चिल कोणाला खोटं पाडत नव्हते. दक्षिण आफ्रिकेतल्या चिनी मजुरांच्या स्थितीला ‘गुलामगिरी’ म्हणणं कितपत अचूक ठरेल, यावर ते बोलत होते.

सदस्य एकमेकांचं नाव का घेत नाहीत?

कारण ते एकमेकांशी बोलतच नाहीत, स्पीकरशी बोलतात. ‘तुम्ही’ म्हटलं तर त्याचा अर्थ स्पीकर असा होतो, आणि ‘तुम्ही गरिबांना लुटलंत’ म्हणणाऱ्या नवख्या सदस्याला लगेच अडवलं जातं : ‘मी कोणालाही लुटलेलं नाही.’ दुसऱ्या सदस्याचा उल्लेख मतदारसंघावरून करायचा, अमुक मतदारसंघाचे माननीय सदस्य असा. प्रिव्ही कौन्सिलच्या, म्हणजे राजसत्तेच्या औपचारिक सल्लागार मंडळाच्या, सदस्यांसाठी मानाचं विशेषण एक पायरी वरचं असतं आणि आपल्या पक्षाच्या सदस्याला ‘माझे माननीय मित्र’ म्हणतात.

हा नुसता शिष्टाचार वाटेल, पण त्याचा प्रत्यक्ष उपयोग आहे. रागाच्या भरात तोंडातून सुटणाऱ्या वाक्याला एक वळसा पडतो. मतदारसंघाचं नाव आठवेपर्यंत क्षणभर जातो, आणि त्या क्षणात जीभ सावरते. महाराष्ट्राच्या विधानसभेतलं ‘अध्यक्ष महोदय, सन्माननीय सदस्यांनी…’ हे वळणही याच घराण्यातलं आहे.

एक कमी माहीत असलेला संकेत असा : सभागृहात दुसऱ्या सदस्यावर टीका करणार असाल तर त्याला आधी कळवायचं. पाठीमागून वार करायचा नाही.

मर्यादा ओलांडली तर नेमकं काय होतं?

क्रम ठरलेला आहे.

पहिली पायरी, शब्द मागे घ्यायची विनंती. ‘मागे घेतो’ एवढं म्हटलं की विषय संपतो. बहुतेक प्रकरणं इथेच मिटतात.

दुसरी पायरी, स्थायी आदेश क्रमांक ४३. स्पीकर सदस्याला दिवसाच्या उरलेल्या कामकाजातून बाहेर पाठवतात. त्यासाठी मतदान लागत नाही. एप्रिल २०१६ मध्ये लेबरचे डेनिस स्किनर यांनी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांना ‘डॉजी डेव्ह’, म्हणजे लबाड डेव्ह, म्हटलं. मागे घ्या म्हटल्यावर तेच पुन्हा म्हणाले आणि बाहेर गेले.

तिसरी पायरी, स्थायी आदेश क्रमांक ४४. स्पीकर सदस्याचा ‘नामोल्लेख’ करतात. एरवी सभागृहात नाव घेत नाहीत, म्हणून नाव घेणं हीच शिक्षेची सुरुवात. मग निलंबनाचा प्रस्ताव येतो आणि चर्चा न होता लगेच मताला टाकला जातो. पहिल्या वेळी पाच बैठकांचे दिवस, दुसऱ्या वेळी वीस आणि तिसऱ्या वेळी सभागृह ठरवेपर्यंत निलंबन. त्या काळाचा पगार मिळत नाही. जुलै २०२२ मध्ये स्कॉटलंडमधल्या अल्बा पक्षाच्या नील हॅन्व्ही आणि केनी मॅकॅस्किल यांना पंतप्रधानांच्या प्रश्नोत्तरांत व्यत्यय आणल्याबद्दल अशाच प्रकारे पाच दिवस निलंबित केलं गेलं.

इथे एक गैरसमज वारंवार दिसतो. २०१५ च्या कायद्याने सदस्याला माघारी बोलावण्याची तरतूद आणली, म्हणून अशा निलंबनानंतर मतदारसंघात सह्यांची मोहीम सुरू होईल, असं काहींना वाटतं. तसं होत नाही. त्यासाठी समितीच्या अहवालावरून किमान दहा बैठकांच्या दिवसांचं निलंबन लागतं. मग सहा आठवड्यांत दहा टक्के मतदारांनी सही केली तर जागा रिकामी होते.

आक्षेपार्ह शब्द नोंदीतून काढून टाकतात का?

नाही. भारतीय विधिमंडळांची सवय असलेल्या वाचकांना हा सगळ्यात मोठा फरक जाणवतो. लोकसभेत नियम ३८० प्रमाणे अध्यक्ष शब्द कामकाजातून वगळू शकतात, आणि ‘हे कामकाजातून काढून टाका’ हे वाक्य मुंबईच्या विधान भवनातही नेहमी ऐकू येतं. लंडनमध्ये हॅन्सार्ड ही अधिकृत नोंद आक्षेपार्ह शब्द, स्पीकरची समज आणि सदस्याचा नकार हे सगळं ठेवते. पन्नास वर्षांनी वाचणाऱ्याला कोण काय म्हणालं हे कळतं. आमच्या मते हीच पद्धत चांगली. शब्द पुसला की बोलणाऱ्याची जबाबदारीही पुसली जाते.

शिक्षेच्या प्रमाणाबद्दलही तुलना करण्यासारखी आहे. ५ जुलै २०२१ रोजी महाराष्ट्र विधानसभेने पीठासीन अधिकाऱ्यांशी गैरवर्तन केल्याबद्दल भाजपच्या १२ आमदारांना एक वर्षासाठी निलंबित केलं. २८ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं, कारण अधिवेशनापलीकडे निलंबन नेलं की मतदारसंघ प्रतिनिधीविना राहतो. ब्रिटनमध्ये न्यायालय असा हस्तक्षेप करत नाही. १६८९ च्या ‘बिल ऑफ राइट्स’च्या नवव्या कलमाने संसदेतलं भाषण आणि कामकाज न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवलं आहे.

इतके नियम असूनही इतके झोंबरे टोमणे कसे चालतात?

कारण नियम प्रामाणिकपणावरच्या आणि हेतूवरच्या आरोपाला अडवतात, उपहासाला नाही. जून १९७८ मध्ये अर्थमंत्री डेनिस हीली यांच्यावर विरोधी बाकांवरून जेफ्री हाउ यांनी टीका केली. हीली म्हणाले, मेलेल्या मेंढीने लचके तोडावेत तसं वाटलं. नोव्हेंबर २००७ मध्ये लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे हंगामी नेते व्हिन्स केबल म्हणाले की पंतप्रधान गॉर्डन ब्राउन काही आठवड्यांत स्टालिनचे मिस्टर बीन झाले. दोन्ही वेळा कोणी शब्द मागे घ्यायला लावला नाही.

ही वाक्यं टिकली कारण त्यांचा रोख कामावर होता. हीली यांना म्हणायचं होतं की टीकेत दम नाही. केबल यांना म्हणायचं होतं की कणखर प्रतिमेचा माणूस गोंधळलेला दिसतोय. चांगला टोमणा ओळखायची एक कसोटी सुचवतो : त्यातून नाव काढून टाका आणि मागे एखादा मुद्दा उरतो का पाहा. ‘भेकड’मधून नाव काढलं तर काहीच उरत नाही.

उलट उदाहरण एप्रिल २०११ चं. कॅमेरन यांनी लेबरच्या अँजेला ईगल यांना ‘शांत व्हा, बाईसाहेब’ या धर्तीचं, एका जाहिरातीतलं वाक्य ऐकवलं. शब्दशः त्यात असंसदीय काही नव्हतं. पण त्यात मुद्दाही नव्हता. समोर बाई बोलते आहे, एवढंच त्यातून ध्वनित होत होतं. असे हल्ले नियमांच्या जाळ्यातून सहज निसटतात.

बुधवारची प्रश्नोत्तरं इतकी गोंगाटाची का असतात?

पंतप्रधानांची प्रश्नोत्तरं दर बुधवारी दुपारी १२ वाजता सुरू होतात आणि साधारण अर्धा तास चालतात. १९९७ साली टोनी ब्लेअर यांनी मंगळवार-गुरुवारच्या पंधरा-पंधरा मिनिटांऐवजी ही एकच बैठक ठेवली. विरोधी पक्षनेत्याला सहा प्रश्न मिळतात आणि ते पंतप्रधानांना आधी माहीत नसतात. थोडक्या वेळात उत्तर मिळवण्यापेक्षा संध्याकाळच्या बातम्यांत जाईल असं एक वाक्य साधणं दोघांनाही फायद्याचं ठरतं.

सभागृहाची रचनाही भर घालते. सदस्य ६५० आणि आसनं ४२७. बाकं समोरासमोर. मे १९४१ मध्ये बॉम्बने सभागृह उद्ध्वस्त झालं, तेव्हा ते मोठं किंवा अर्धवर्तुळाकार करायला चर्चिल यांनी विरोध केला. दाटी आणि आमनेसामने बसणं त्यांना वादासाठी आवश्यक वाटत होतं. टाळ्या वाजवायची प्रथा नाही, म्हणून संमती आणि निषेध दोन्ही घशातून निघतात. २००५ साली कॅमेरन यांनी कठपुतळ्यांच्या भांडणासारखं राजकारण थांबवू असं म्हटलं होतं. पुढे ते जमलं नाही, हे त्यांनीच कबूल केलं.

जो कॉक्स यांच्या हत्येनंतर काय बदललं?

१६ जून २०१६ रोजी यॉर्कशरमधल्या बर्स्टल गावात, मतदारांना भेटायला निघालेल्या लेबर सदस्य जो कॉक्स यांची हत्या झाली. युरोपीय संघाविषयीच्या सार्वमताला तेव्हा एक आठवडा उरला होता. आपल्याला विभागणाऱ्या गोष्टींपेक्षा जोडणाऱ्या कितीतरी जास्त आहेत, असं त्यांनी वर्षभर आधी पहिल्या भाषणात म्हटलं होतं. १५ ऑक्टोबर २०२१ रोजी कॉन्झर्व्हेटिव्ह सदस्य डेव्हिड एमेस यांना ली-ऑन-सी इथल्या चर्चमध्ये, मतदारांना भेटत असतानाच, भोसकून मारण्यात आलं.

या दोन तारखांच्या मध्ये २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आहे. ब्रेक्झिटला मुदतवाढ मागणाऱ्या कायद्याला जॉन्सन सतत ‘शरणागतीचा कायदा’ म्हणत होते. लेबरच्या पॉला शेरिफ यांनी कॉक्स यांची आठवण देऊन सांगितलं की आम्हाला येणाऱ्या धमक्यांत हेच शब्द असतात. जॉन्सन यांनी ते ‘थोतांड’ म्हणून उडवलं. दुसऱ्या दिवशी स्पीकर जॉन बर्को म्हणाले की बावीस वर्षांत सभागृहातलं वातावरण इतकं वाईट पाहिलं नव्हतं.

‘शरणागती’ हा असंसदीय शब्द नाही, आणि इथेच नियमांची हद्द संपते. नियम पाहतात तो शब्द सभागृहात कुठे पडला, पण तो शब्द बाहेर कोणाच्या हातात जातो हे त्यांना दिसत नाही. जबाबदारी एकाच पक्षाचीही नाही. लेबरच्या तेव्हाच्या उपनेत्या अँजेला रेनर यांनी सप्टेंबर २०२१ मध्ये पक्षाच्या अधिवेशनात कॉन्झर्व्हेटिव्ह नेत्यांना ‘घाण’ म्हटलं होतं. एमेस यांच्या हत्येनंतर त्यांनी बिनशर्त माफी मागितली.

प्रचारात विरोधकाबद्दल खोटं छापलं तर निवडणूक रद्द होऊ शकते का?

होऊ शकते, पण दार अरुंद आहे. १९८३ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १०६ प्रमाणे उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी किंवा वर्तनाविषयी खोटं विधान छापणं गुन्हा आहे. विधान खरं मानायला वाजवी कारण होतं, हे दाखवता आलं तर सुटका होते.

२०१० मध्ये ओल्डम ईस्ट अँड सॅडलवर्थमध्ये लेबरचे माजी मंत्री फिल वूलस १०३ मतांनी निवडून आले. त्यांच्या पत्रकांनी लिबरल डेमोक्रॅट प्रतिस्पर्धी अतिरेक्यांची मनधरणी करतो, असं भासवलं होतं. निवडणूक न्यायालयाने ५ नोव्हेंबर २०१० रोजी निवड रद्द केली आणि वूलस यांना तीन वर्षं उभं राहायला मनाई केली. जानेवारी २०११ मध्ये पोटनिवडणूक झाली.

याउलट लिबरल डेमोक्रॅट खासदार ॲलिस्टर कारमायकल यांच्याविरुद्धची याचिका डिसेंबर २०१५ मध्ये फेटाळली गेली. एका कागदपत्राच्या गळतीविषयी आपल्याला माहिती नव्हती, असं त्यांनी निवडणुकीआधी दूरचित्रवाणीवर खोटं सांगितलं होतं. ते खोटं वैयक्तिक चारित्र्याविषयी होतं हे निःसंशय सिद्ध झालं नाही. धोरणाबद्दलचं, आकड्यांबद्दलचं किंवा राजकीय भूमिकेबद्दलचं खोटं या कलमात येतच नाही. याचिका निकाल जाहीर झाल्यापासून २१ दिवसांत दाखल करावी लागते, आणि खर्च मोठा असतो.

दारात आलेलं पत्रक किंवा टीव्हीवरची चर्चा आक्षेपार्ह वाटली, तर तक्रार कुठे करायची?

निवडणूक आयोगाकडे धाव घेणं ही सर्वसाधारण चूक. आयोग प्रचारातल्या मजकुराचा खरेखोटेपणा तपासत नाही. पत्रकावर छापणाऱ्याचं आणि प्रकाशित करणाऱ्याचं नाव-पत्ता आहे का, एवढं आधी पाहा. नोव्हेंबर २०२३ पासून डिजिटल प्रचारालाही अशी नोंद लागते. जाहिरातींचं नियमन करणारी संस्थाही राजकीय प्रचारसाहित्य पाहत नाही. उमेदवाराच्या चारित्र्यावर खोटा आरोप असेल तर पोलीस.

टीव्ही-रेडिओसाठी ऑफकॉम ही प्रसारणाची नियामक संस्था. बीबीसीबद्दल असेल तर आधी बीबीसीकडेच. वर्तमानपत्र ‘इप्सो’ या वृत्तपत्रांच्या नियामक संस्थेचं सदस्य असेल तर चार महिन्यांच्या आत तिथे. पण तक्रार मजकुराच्या अचूकतेवर लिहा. ‘भाषा असभ्य आहे’ या मुद्द्यावर इप्सो काही करत नाही.

बदनामीचा दावा इंग्लंड-वेल्समध्ये प्रकाशनापासून एक वर्षात करावा लागतो आणि २०१३ च्या कायद्याप्रमाणे प्रतिष्ठेला गंभीर हानी दाखवावी लागते. सभागृहात केलेल्या विधानावर दावा होतच नाही. म्हणून एखाद्या सदस्याला ‘हेच बाहेर येऊन म्हणा’ असं आव्हान दिलं जातं.

धमक्या आल्या तर?

तिथे सभ्यतेचा प्रश्न उरत नाही, तो गुन्हा आहे. ऑनलाइन सेफ्टी कायद्याचं कलम १८१ जानेवारी २०२४ अखेरीस लागू झालं. जिवे मारण्याची किंवा गंभीर इजेची धमकी पाठवणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २०२२ च्या निवडणूक कायद्याने उमेदवारांना किंवा लोकप्रतिनिधींना धमकावणाऱ्याला पाच वर्षं निवडणूक लढवायला बंदी घालता येते.

उमेदवार किंवा कार्यकर्ते असाल तर संदेश पुसू नका आणि उत्तर देऊ नका. खात्याचं नाव, दुवा, तारीख आणि वेळ दिसेल असं पडद्याचं चित्र जतन करा. धोका तातडीचा असेल तर ९९९, नसेल तर १०१. खातं आधी ब्लॉक केलं आणि पुरावा नंतर शोधला, तर पुष्कळदा तो सापडत नाही. म्हणून क्रम उलटा करू नका.

वर्णावरून हल्ला झाल्याचं जुनं उदाहरण आहे का?

आहे, आणि ते मुंबईशी जोडलेलं आहे. एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवलेले दादाभाई नौरोजी १८८६ मध्ये होबर्नमधून हरले. नोव्हेंबर १८८८ मध्ये एडिंबरा इथल्या भाषणात पंतप्रधान लॉर्ड सॉल्झबरी म्हणाले की ब्रिटिश मतदारसंघ एका ‘काळ्या माणसाला’ निवडून देईल इथपर्यंत आपण पोचलो आहोत का, याची शंका वाटते. त्या एका शब्दाने वादळ उठलं. उदारमतवाद्यांनी दादाभाईंच्या सन्मानार्थ भोजन ठेवलं आणि त्यांचं नाव घरोघर पोचलं. १८९२ मध्ये ते सेंट्रल फिन्सबरीतून पाच मतांनी निवडून आले. तीन वर्षांनी मुंबईचेच मंचरजी भावनगरी कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षातर्फे बेथनल ग्रीनमधून जिंकले, म्हणजे सॉल्झबरींच्याच पक्षातून.

‘सभ्यता पाळा’ हे दुबळ्यांचं तोंड बंद करायचं साधन तर नाही?

कधी कधी असतं. ३० जानेवारी १९७२ रोजी उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात ब्रिटिश सैनिकांनी नागरी हक्कांच्या मोर्चावर गोळ्या झाडल्या. त्या दिवशी १३ जण ठार झाले. दुसऱ्या दिवशी गृहमंत्री रेजिनल्ड मॉडलिंग यांनी शांत, सभ्य भाषेत सांगितलं की सैनिकांनी हल्ल्याला प्रत्युत्तर दिलं. तिथे प्रत्यक्ष हजर असलेल्या सदस्य बर्नाडेट डेव्हलिन यांना बोलू दिलं गेलं नाही. त्या सभागृह ओलांडून गेल्या आणि त्यांनी मॉडलिंग यांच्या थोबाडीत मारली.

१५ जून २०१० रोजी सॅव्हिल चौकशीचा अहवाल आला, आणि तो गोळीबार असमर्थनीय होता असं सांगून पंतप्रधान कॅमेरन यांनी सभागृहात माफी मागितली. सभ्य निवेदन चुकीचं होतं आणि असभ्य सदस्याचं म्हणणं खरं होतं. मारहाणीचं समर्थन आम्ही करत नाही. पण साक्षीदाराला वेळेवर बोलू देणं हा सभ्यतेचाच भाग आहे. नुसती भाषा मोजणारे स्पीकर हे विसरले तर नियम अन्यायाच्या बाजूला उभे राहतात.

लॉर्ड्स आणि स्थानिक कौन्सिलमध्ये काय?

हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये शिक्षा देणारा स्पीकर नाही, सदस्य स्वतःच शिस्त राखतात. वाद फारच चढला तर बोचरी भाषा टाळण्याविषयीचा १६२६ चा आदेश वाचून दाखवायची सोय आहे.

इंग्लंडमधल्या कौन्सिलरांना आचारसंहिता असते, पण २०११ च्या लोकलिझम कायद्याने निलंबनाचा अधिकार काढून घेतला. निषेध करणं, समितीतून वगळणं, प्रशिक्षण सुचवणं इतकंच उरलं. त्याआधी निलंबन करता येत असे, तेव्हाही न्यायालयं सावध होती. लंडनचे महापौर केन लिव्हिंगस्टन यांनी एका ज्यू पत्रकाराची तुलना छळछावणीच्या पहारेकऱ्याशी केली. त्यासाठी दिलेलं चार आठवड्यांचं निलंबन उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००६ मध्ये रद्द केलं.

माझ्याकडे भारतीय पासपोर्ट आहे. मी खासदाराला लिहू शकतो का?

लिहू शकता. मतदानही करू शकता : ब्रिटनमध्ये कायदेशीर वास्तव्य असलेले भारतीय नागरिक राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून मतदार यादीत नाव नोंदवू शकतात, आणि केंद्रावर ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो.

पत्र आपल्याच मतदारसंघाच्या खासदाराला लिहा. दुसऱ्याच्या मतदाराला उत्तर न देण्याचा संकेत आहे. पूर्ण नाव आणि पोस्टकोडसह पत्ता न घातलेली ईमेल बहुतेकदा बाजूला पडते. एका पत्रात एकच विषय घ्या. आक्षेप शब्दांवर असेल तर तारीख आणि हॅन्सार्डमधलं नेमकं वाक्य द्या, तुमच्या मते त्यातून काय नुकसान झालं ते दोन ओळींत लिहा आणि शेवटी एक ठोस मागणी करा : खुलासा करा, दुरुस्ती नोंदवा किंवा माफी मागा. संसदेच्या आचार आयुक्तांकडे सदस्याच्या मतांविषयी किंवा भाषणातल्या शब्दांविषयी तक्रार पाठवू नका, ती परत येते. पत्ता : हाउस ऑफ कॉमन्स, लंडन, एसडब्ल्यू१ए ०एए.